शोकेसमध्ये झोपलेला माणूस

आमच्या गाद्यांच्या दुकानात एक नियम आहे. आधी विक्रेता आडवा होणार, मग गिऱ्हाईक.

कारण साधं आहे. भर दुकानात, बूट काढून, अनोळखी लोकांसमोर आडवं व्हायला माणसाला लाज वाटते. नवरा बायकोला म्हणतो, "तू बघ पडून." बायको म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बघा." मग फळ पिकलंय का बघावं तशी दोघं गादी बोटानं दाबून बघतात, "येतो जरा विचार करून," म्हणतात आणि निघून जातात. विचार करून परत आलेलं गिऱ्हाईक आमच्या मालकांनी आजवर पाहिलेलं नाही. म्हणून विक्रेत्यानं आधी स्वतः पडायचं, शेजारची जागा थोपटायची आणि म्हणायचं, "या हो, लाजताय काय!"

हे पडून दाखवणं मऊभाऊंइतकं कुणालाच जमायचं नाही. मऊभाऊ हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पण दुकानातल्या सगळ्यात टणक गादीलाही ते "तशी मऊच आहे" म्हणत, आणि बोलतही तसेच. आवाज कधी चढला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकानं सगळ्या गाद्या तुडवून उशीसुद्धा न घेता काढता पाय घेतला, तरी हे दारापर्यंत सोडायला जाणार आणि वर म्हणणार, "सावकाश जा हं." पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, टक्कल पडत चाललेला हा माणूस गादीवर आडवा झाला की बघणाऱ्याला जांभई यायची.

मी याच दुकानाच्या माळ्यावर बसतो. ऑनलाइन ऑर्डरी, कॅमेरे आणि मालकांचा सतत बिघडणारा मोबाइल ही माझी खाती. माळ्याच्या कठड्यावरून खालचं सगळं दुकान दिसतं, ऐकूही येतं. पुढचं बरंचसं मी तिथूनच पाहिलं. उरलेलं मऊभाऊंनी मला नंतर सांगितलं. तोपर्यंत त्यांना बोलायची सवय लागली होती.

मऊभाऊंचे वडील काही वर्षं अंथरुणाला खिळून होते, मऊभाऊंच्याच घरी, पुढच्या खोलीत. थोरला भाऊ मोठ्या हुद्द्यावर, दुसऱ्या शहरात. तो रोज फोन करायचा आणि बाबांचं खाणं झालं का, औषध झालं का, याची चौकशी करायचा. साहेब जशी कामाची चौकशी करतात, तशी. रात्री कूस बदलणं, चादरी बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावणं हे मऊभाऊ आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वाटून घ्यायचे. वहिनींची कंबर धरल्यापासून त्यातलं वाटून घेणंही संपलं.

मग वडील गेले. थोरले आले, दारात उभे राहून भेटायला येणाऱ्यांशी गंभीरपणे बोलले आणि लोक मऊभाऊंच्या पाठीवर थोपटून गेले. "काय सेवा केलीस रे! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं." मऊभाऊ मान हलवत होते. आठवड्याच्या आत ते कामावर आले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाले, "या हो, लाजताय काय!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मऊभाऊ सावरले.

त्यानंतर काही महिन्यांनी ते आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दुपारची वेळ होती. एक जोडपं नवी महागडी गादी बघत होतं. मऊभाऊ नियमाप्रमाणे पडले, डोळे मिटले, शेजारची जागा मात्र थोपटली नाही. जोडपं थांबलं. नवऱ्यानं खाकरून बघितलं.

"काका?"

काका हलले नाहीत.

"अहो, झोपले वाटतं," बायको कुजबुजली.

"एवढ्यात?"

"बघा ना. आणि तुम्ही घरी अर्धी रात्र कुशी बदलत असता."

नवऱ्यानं मऊभाऊंच्या चेहऱ्याकडे हेव्यानं पाहिलं आणि काउंटरकडे वळून म्हणाला, "हीच द्या. हीच."

मालक तेव्हा मऊभाऊंना झापायला तरातरा निघाले होते. अर्ध्या वाटेत हे वाक्य त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांचा चेहराच पालटला. आमचे मालक वाईट नाहीत. कुणाचं दुःख दिसलं की त्यांनाही वाईट वाटतं. फक्त त्याआधी त्यात धंदा दिसतो, इतकंच.

"कुणी उठवू नका त्याला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "ही जाहिरात आहे."

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या काचेमागे, म्हणजे शोकेसमध्ये, ती गादी मांडली गेली. वर नवी चादर, उशाशी टेबल-दिवा आणि मधोमध मऊभाऊ. बाहेर पाटी लागली: 'उठवू नका. आमची गादी काम करते आहे.' मऊभाऊंना विचारलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. त्या दिवसांत त्यांना काहीही विचारलं तरी ते "बरं" म्हणत. उभं राहण्यापेक्षा पडणं सोपं होतं आणि नाही म्हणण्यापेक्षा बरं म्हणणं.

लोक थांबू लागले. बस चुकवून थांबू लागले. शाळेतून घरी निघालेली पोरं काचेला नाक लावून पैज मारायची, हलतो की नाही. एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे, काठीवर हनुवटी टेकवून थोडा वेळ बघायचे आणि तृप्त होऊन जायचे. गाद्या अशा खपू लागल्या की गोदामात उंदरांना लपायला जागा उरली नाही.

गंमत अशी की सगळ्या शहराला ज्याच्या झोपेचा हेवा वाटत होता, त्याला झोप येत नव्हती. दिवसा नाही, रात्री नाही. "डोळे मिटले की आत दिवा लागायचा," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ते नुसते पडून असायचे. जेवण तोंडात घोळत राहायचं, आंघोळ डोंगराएवढी वाटायची, आणि कुणी हसलं की हे कशाला हसतायत ते कळायचं नाही.

उपाय सुचवणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. कॅशवरच्या मावशींना शरीरात कुठलं तरी जीवनसत्त्व कमी असल्याची खात्री होती. त्यांच्या जावेचंही तसंच झालं होतं. ड्रायव्हरदादा म्हणाले, पहाटे पळायला जा. वहिनींची बहीण म्हणाली, एखादा छंद लावून द्या, रोपं वगैरे. रोपं आली. पुढच्या खोलीच्या खिडकीत ती मऊभाऊंसारखीच मान टाकून बसली. शेजारचे निवृत्त मास्तर रोज जिन्यात गाठून म्हणायचे, "अरे, तुला कमी काय आहे? जगात लोकांची दुःखं बघ!" मऊभाऊंनी जगाची दुःखं बघितली. मग स्वतःच्या दुःखावर जगाचंही घेऊन ते घरी आले.

मालकांनीही आपल्या परीनं हातभार लावला. सगळ्या कामगारांसाठी एक प्रेरणादायी वक्ते बोलावले. वक्त्यांच्या गळ्यात माइक होता आणि खोलीत आम्ही जेमतेम मूठभर. त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला. "तुमच्या मनातले नकारात्मक विचार यावर लिहा, चुरगळा आणि या कचराकुंडीत टाका. संपला विषय!" आम्ही लिहिलं, चुरगळलं, टाकलं. मावशींनी तर आणखी एक कागद मागून घेतला. मऊभाऊ कोरा कागद धरून बसले होते. कुठून सुरुवात करावी हेच त्यांना कळत नव्हतं. वक्त्यांनी तो कागद उंच धरला.

"बघा! कोरा! या माणसाच्या मनात एकही नकारात्मक विचार नाही. टाळ्या!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

एक वहिनी तेवढ्या फसल्या नाहीत. त्या एका दुपारी दुकानात आल्या आणि थेट मालकांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"त्यांना सोडा. डॉक्टरकडे न्यायचंय."

"काय झालं वहिनी? ताप आहे?"

"ताप नाही. आजारी आहेत ते."

मालकांनी शोकेसकडे पाहिलं. "आजारी माणूस इतका छान दिसतो का हो?"

"मेलेला माणूससुद्धा छान दिसतो, नीट झाकला तर," वहिनी म्हणाल्या. "तेवढी वेळ येऊ देणार नाही मी."

त्या काचेत शिरल्या आणि नवऱ्याचा हात धरून त्याला उठवलं. बाहेरच्या पोरांपैकी एक पैज हरला.

इस्पितळातले डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण त्या घाईतही त्यांनी नीट ऐकलं. त्यांनी रोपांबद्दल काही म्हटलं नाही की जगातल्या दुःखांबद्दल. "याला डिप्रेशन म्हणतात," ते म्हणाले. "गोळ्या देतो. गोळ्यांनी तुम्ही उठून बसाल. पण आडवे का झालात, ते गोळीला माहीत नसतं. ते बोलावं लागेल. खालच्या मजल्यावर समुपदेशक बाई आहेत."

बाईंची खोली म्हणजे जुनी सामान ठेवायची जागा होती. एक टेबल, समोरासमोर खुर्च्या, कोपऱ्यात गळका नळ. पहिल्या भेटीत मऊभाऊ गाद्यांबद्दल बोलले. दुसऱ्या भेटीतही. तिसऱ्या वेळी त्यांनी बाईंची खुर्ची बघून पाठीला कुठली उशी घ्यावी हे समजावून सांगितलं.

"उशीचं कळलं," बाई म्हणाल्या. "तुमचं काय?"

"माझं काय, मजेत आहे."

"म्हणून इथे येता?"

मऊभाऊ हसले. मग वडिलांवर आले. वडील म्हणजे देवमाणूस. शिस्तीचे. कुणाचं पाच पैशांचं मिंधेपण नाही. बाई ऐकत राहिल्या.

"देवमाणसाच्या उशाशी रात्रीच्या रात्री काढताना चिडचिड होत असेल."

"छे छे! वडील ते."

"ते तुमच्याशी काय बोलायचे?"

नळ गळत होता. "फार नाही. 'थोरला आला का?' एवढं विचारायचे. रोज. मी कूस बदलत असायचो त्यांची, आणि ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत असायचे. भेटायला कुणी आलं की सांगायचे, हा असतो इथे, याला दुसरं काय काम आहे."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणायचो, सावकाश जा हं. त्या पाहुण्यांना."

बाईंनी खुर्ची जरा पुढे सरकवली. "ते गेले, तेव्हा तुमच्या मनात पहिला विचार काय आला?"

त्या दिवशी मऊभाऊंनी उत्तर दिलंच नाही. पुढच्या भेटीला जायचं त्यांनी टाळलं. वहिनींना सांगितलं, दुकानात गर्दी आहे. वहिनी म्हणाल्या, "गर्दी काचेबाहेर आहे, तुम्ही आत आहात. चला." आणि इस्पितळाच्या पायऱ्यांवर, दार दिसेल अशा बेतानं, पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

मग एकदाचं ते बोलले. नळाकडे बघत बोलले.

"आता झोपता येईल."

"हं?"

"हाच विचार आला. बाबा गेले आणि मला वाटलं, चला, आज झोपता येईल. बापाचे डोळे मिटले आणि पोराला झोपेची पडली! मनात दुसरं काही आलंच नाही हो बाई. आणि त्या दिवसापासून झोप नाही."

बाईंनी 'अरे बापरे' म्हटलं नाही. लिहूनही घेतलं नाही. "ज्यांनी असं वर्षानुवर्षं जागून काढलंय, त्यातल्या बहुतेकांना हेच वाटतं," त्या म्हणाल्या. "सांगत कुणी नाही. म्हणून प्रत्येकाला वाटतं, आपणच एकटे हरामखोर."

मऊभाऊ आधी हसले, कारण एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडून तो शब्द त्यांना अपेक्षित नव्हता. हसता हसताच रडू फुटलं आणि मग ते थांबेना. बाहेरच्या पेशंटनं दार वाजवलं, बाईंनी "थांबा" म्हणून सांगितलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा सांगितलं.

ही काही जादू नव्हती. त्या रात्रीही झोप आली नाही. पण पुढच्या भेटींत एकेक निघत गेलं. राग निघाला, तो वडिलांवर होता. त्याच्याखाली आणखी राग निघाला, तो थोरल्यांवर. सगळ्यात तळाशी एक मुलगा निघाला. तो मोठ्या भावाचा शर्ट घालून बापासमोर उभा राहिला होता, बाप आपल्याकडेही बघेल म्हणून. इतक्या वर्षांचं ते मऊ बोलणं म्हणजे याच सगळ्यावर घातलेली चादर होती. हे बाईंनी सांगितलं नाही, मऊभाऊंनीच ओळखलं. गाद्यांमधला माणूस, वरून कशानं झाकलंय आणि आत काय भरलंय हे त्याला कळतं, फक्त स्वतःच्या बाबतीत उशीर झाला.

घरी त्यांनी वहिनींना सांगितलं. जमिनीकडे बघत, गुन्हा कबूल करावा तसं.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. "मला तर आदल्या वर्षीपासून वाटत होतं."

आता राहिले थोरले. आणि थोरल्यांनी नेमका तेव्हाच बेत आखला. वडिलांना जाऊन वर्ष होणार म्हणून बागेत त्यांच्या नावाचा बाक बसवायचा, चार माणसं बोलवायची, आणि मऊभाऊंनी 'माझे बाबा' या विषयावर बोलायचं. फोनवर त्यांनी ते कळवलं, नेहमीप्रमाणे. मऊभाऊ "बरं" म्हणाले, नेहमीप्रमाणे. फोन ठेवल्यावर मात्र ते उठून स्वयंपाकघरात वहिनींकडे गेले.

"तिथे उभा राहून पुन्हा देवमाणूस म्हणालो ना," ते वहिनींना म्हणाले, "तर मी परत आडवा होईन. आणि या वेळी उठणार नाही."

तोवर दुकानात वेगळाच पेच झाला होता. गोळ्या आणि बाई मिळून मऊभाऊंना थोडं थोडं बरं वाटायला लागलं होतं आणि त्याचा धंद्यावर वाईट परिणाम होत होता. ते काचेत नाक खाजवायचे. एकदा तर शाळेच्या पोरांकडे बघून हसले. मालक कासावीस झाले. "मऊभाऊ, झोपेत माणूस हसतो का? सेल संपेपर्यंत तरी दम धरा. मग व्हा काय बरं व्हायचं ते!" आणि सेल काही संपायचं नाव घेत नव्हता.

बाकाच्या कार्यक्रमाआधी थोरले आले ते थेट दुकानातच. भारी कपडे, चकचकीत बूट, हातात मोबाइल. शोकेसच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहिले.

"बाळ्या! हे काय चाललंय? माझ्या ऑफिसात तुझा फोटो फिरतोय. लोक विचारतात, हे तुमच्यासारखे दिसणारे कोण?"

"आडवा हो, दादा."

"काय?"

"उभ्यानं बोलायची परवानगी नाही इथे. शोकेस आहे. बूट काढ."

थोरल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मालक लगबगीनं धावत आले. ती नवी डबल गादी होती, तिचा गुण असा की शेजारचा कितीही हलला तरी आपल्याला कळत नाही. मालकांना हा गुण दाखवायला दुसरा माणूस हवाच होता. "पडा ना साहेब, पडा! संकोच कसला!" त्यांनी साहेबांना जवळजवळ ढकललंच. थोरले कोटासकट, पायमोज्यांसकट भावाशेजारी आडवे झाले. बाहेर गर्दी जमली. आम्ही आतले कामात असल्यासारखे जवळ सरकलो.

"भाषण तयार आहे ना?" थोरल्यांनी छताकडे बघत विचारलं.

"दादा, बाबा गेले तेव्हा मला बरं वाटलं."

"हो, त्यांची सुटका झाली."

"त्यांची नाही. माझी."

थोरल्यांनी काचेबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हळू बोल."

"काच आहे. बाहेर ऐकू जात नाही."

"असं बोलतात का बापाबद्दल?"

"नाही बोलत. म्हणून तर इथे पडलोय."

"हे बघ, तू दमला होतास. समजू शकतो मी."

"नाही, तू नाही समजू शकत. तू रोज फोन करायचास. बाबांनी खाल्लं का? बाबांनी औषध घेतलं का? एकदा, दादा, एकदा तरी विचारलंस का, बाळ्या, तू खाल्लंस का?"

"मी माझ्या परीनं करत होतो की! ती हवेची गादी कुणी पाठवली?"

"गादी?" मऊभाऊंचा आवाज चिरकला. "मी गाद्यांच्या दुकानात काम करतो, दादा! तू मला गादी पाठवलीस!"

कॅशवरच्या मावशींना हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं. पण मऊभाऊ हसत नव्हते. ते रडत होते, खांदे गदागदा हलत होते, त्यांची सावली भिंतीवर हलत होती. थोरले मात्र हात छातीवर ठेवून, ताठ, छताकडे बघत पडलेले. बाहेर लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. "बघ बघ, हा एवढा हलतोय, आणि शेजारच्याला पत्ता नाही! काय गादी आहे!" मालक मोबाइलवर शूटिंग करत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. पण हात स्थिर होता.

"ते रोज तुझी वाट बघायचे," मऊभाऊ म्हणाले. "मी असताना. मी तिथे असताना!"

थोरल्यांनी छातीवरचे हात खाली घेतले. मग ते म्हणाले, साहेबी आवाज नव्हता तो, "मला माहीत होतं, बाळ्या. म्हणून तर येत नव्हतो. मला ते बघवत नव्हतं, आणि तू आहेस म्हटल्यावर... तू होतास म्हणून मला झोप लागायची."

आणि तेव्हा मऊभाऊ उभे राहिले. गादीवरच, पायमोज्यांत, तोल सावरत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवला, असा की माळ्यावरच्या माझ्या कपातला चहा थरथरला असेल.

"मग तुला मी झोपू देत होतो! आणि मला कुणी?"

बाहेर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, ही नवी जाहिरात.

"मऊभाऊ!" मालक ओरडले. "आडवे व्हा! गिऱ्हाईक बघतंय!"

"नाही होत," मऊभाऊ म्हणाले.

असा नकार त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच ऐकला नव्हता. मालक तर मोबाइल खाली करायचंही विसरले. मऊभाऊ गादीवरून उतरले, बूट शोधले, नाड्या नीट बांधल्या आणि पुढच्या दारानं बाहेर गेले. गर्दीनं वाट करून दिली. थोरले तसेच पडून होते. त्यांना उठता येईना. मालकांनी जरा वाट पाहिली, मग वाकून आदबीनं विचारलं, "साहेब, तुम्ही असेच थोडा वेळ पडाल का?"

बाक बसला. कार्यक्रम झाला. मऊभाऊ बोलले नाहीत, पुढच्या रांगेत वहिनींशेजारी बसले. थोरल्यांनी भाषण केलं. "बाबांच्या शेवटच्या काळात आम्ही दोघांनी त्यांची..."

"मी," मऊभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले. मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं.

थोरले थांबले. चष्मा पुसला. "यानं," ते म्हणाले. "यानं त्यांची सेवा केली. मी फोन करत होतो."

लोकांना हे भाषण फारच थोडक्यात आटोपल्यासारखं वाटलं.

झोप हळूहळू आली, मांजर घरात येतं तशी. आज दाराशी, उद्या पायपुसण्यावर. गोळ्या चालू आहेत, बाईंकडे जाणंही चालू आहे, आणि मधूनच एखादा दिवस असा येतो की मऊभाऊ गप्प असतात आणि वहिनी त्यांना गप्प राहू देतात. वडिलांची आठवणही आता येते. परवा सांगत होते, लहानपणी बाबांनी सायकल शिकवताना मागून धरलं होतं आणि बराच वेळ सोडलं नव्हतं. राग जागेवर आहे. सायकलही आहे. दोन्ही राहू शकतं, असं ते म्हणाले, आणि स्वतःलाच नवल वाटल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

त्यांच्या बरं होण्यानं बाकी कुणाचं फारसं बरं झालेलं नाही. मास्तर म्हणतात, माणूस पूर्वी किती नम्र होता, आता जिन्यात तोंडावर सांगतो, मला घाई आहे म्हणून. मावशी म्हणतात, सुट्टीच्या दिवशी बदली यायला सांगितलं तर चक्क नकार दिला. थोरले आता फोनवर आधी विचारतात, "खाल्लंस का?" आणि मऊभाऊ त्यांना खरोखरच काय खाल्लं, किती आवडलं, पोट कसं आहे, सगळं सविस्तर ऐकवतात. मालकांनी शोकेसमध्ये पुतळा झोपवून बघितला. पोरांनी काच वाजवून ओरडा केला, "खोटा आहे!" काठीवाले म्हातारे गृहस्थ आत येऊन तक्रार करून गेले.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. चाळिशीच्या, हातात औषधांची पिशवी, केस कसेतरी बांधलेले. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आईसाठी गादी हवीय. अंथरुणाला खिळून आहे. सगळ्यात चांगली दाखवा, लवकर, मला परत जायचंय."

मालकांनी कान टवकारले. सगळ्यात चांगली म्हणजे सगळ्यात महाग. मऊभाऊ पुढे झाले. ते आडवे झाले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली.

"बसा आधी."

"नको, बसायला वेळ नाही."

"रात्री कूस कोण बदलतं त्यांची?"

"मीच. का?"

"आणि तुम्ही झोपता कधी?"

"माझं काय एवढं? आईला बरं वाटलं की झालं."

काउंटरमागून मालक खुणा करत होते. गादी, गादी दाखवा. मऊभाऊंनी तिकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

"मी माझ्या वडिलांचं बरीच वर्षं केलं," ते म्हणाले. "मला त्यांचा फार राग यायचा."

बाईंनी दचकून आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. "अहो, असं काय बोलताय?" त्या म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग खाली ठेवली, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या.

मऊभाऊंनी स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणली. "भावंडं किती तुम्ही?"

"दोन भाऊ आहेत," बाई म्हणाल्या. "दोघंही मोठे." आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या.